लेम्पीच्या सौन्यातलं शेवटचं पाणी

तुमच्या घरामागच्या न्हाणीघरात, तुमची आंघोळ आटोपल्यावर, दुसरंच कुणीतरी येऊन आंघोळ करून जातं असं तुमच्या लक्षात आलं तर तुम्ही काय कराल? कडी लावाल? पोलीस बोलवाल? की वळचणीला कॅमेरा ठोकून सकाळी चहा घेत घेत बघाल कोण ते? खरं सांगा. उगाच शूरपणाचा आव नको.

लेम्पी राउतिओनं यातलं काही केलं नाही. तिनं पाव भाजायला घेतला.

लेम्पी सात नंबरात राहते. सात नंबर म्हणजे तांब्याच्या सातव्या खाणीच्या तोंडाभोवती उरलेली फिनिश खाणकामगारांची मूठभर लाकडी घरं. खाण बंद पडली तेव्हा लेम्पी शाळेत जात होती. खाणीच्या तोंडावर सिमेंटचं झाकण बसलं, पंप थांबले, माणसं दक्षिणेला मोटारी जोडायला निघून गेली. जी उरली ती बर्फ उपसत उरली. वर टेकडीवर विद्यापीठ, खाली सरोवर, आणि मधे हे सात नंबर, ज्याच्याकडे दोघांचीही पाठ.

उभी हयात लेम्पीनं इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात घालवली. नवरा रेनो लाकडाचे ट्रक हाकायचा. या गोष्टीच्या वेळी तो जाऊन दोन हिवाळे होत आले होते. मुलगा ॲरिझोनात. "इथं घाम फुकट येतो आई, सौना पेटवावा लागत नाही," असं तो फोनवर म्हणायचा. "तुझ्या त्या घामाला वास नाही," असं म्हणून ती फोन आपटायची. रागाचं म्हणाल तर, जिल्ह्याच्या बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं तिची टपालपेटी पाडली, परत पाडली, माफी काही मागितली नाही. मग हिनं लाकडी खांबाच्या जागी खाणीतला जुना रुळाचा तुकडा पुरला. पुढच्या बर्फात गाडीचं पातं मोडलं. साहेब तणतणत आला, तर ही दारात उभी राहून म्हणते, "माझा रूळ वाकलाय. सरळ करून कधी देताय?"

अशी बाई. ती घाबरट नव्हती, हे आधी ध्यानात घ्या.

शनिवारी सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, पेटवायचा हे सात नंबरात विचारून ठरवावं लागत नाही. दुपारपासून भट्टीत बर्चची लाकडं, भट्टीवर दगडांचा ढीग, दगड तापले की बाकावर बसून ओगराळ्यानं पाणी टाकायचं. स्स्स करून वाफ अंगावर येते आणि आठवड्याचं सगळं धुऊन निघतं. घरातल्या सगळ्यांचं झालं की शेवटची वाफ राखणदाराची. सौन्याला राखणदार असतो, कोकणातल्या माणसाला हे मी वेगळं सांगायला नको. त्याच्यासाठी बादली भरून ठेवायची, ओगराळं बाजूला, दार नुसतं लोटायचं आणि मागं न बघता घरात यायचं. लेम्पीची आई सांगायची, "त्याला बघायचं नाही गं पोरी. बघितलं की तो घरचा राहत नाही, पाहुणा होतो. आणि पाहुणे निघून जातात."

रेनो गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत, एका रविवारी सकाळी लेम्पी राख काढायला गेली तर बादली रिकामी होती. बाक ओला. ओगराळं पालथं घालून ठेवलेलं.

ती बराच वेळ त्या ओगराळ्याकडे बघत उभी राहिली. रेनोनं जन्मात कधी ओगराळं पालथं घातलं नव्हतं. तो ते जमिनीवर टाकायचा आणि ही उचलायची. म्हणजे रेनो नव्हे. मग दुसरं कोण असणार?

तिनं शेजारच्या आर्वो निस्काला सांगितलं. आर्वो पूर्वी जिल्ह्याची तीच बर्फाची गाडी चालवायचा. पातं त्याच्याच हातून मोडलं होतं, पण दोस्ती टिकली.

"खार असेल," आर्वो म्हणाला.

"खार बादली रिकामी करून ओगराळं पालथं घालते?"

"फिनिश खार असेल. शिस्तीची."

"हस. तुझ्या सौन्यात कुणी येत नाही म्हणून जळतोयस."

"माझ्या सौन्यात आलं तर मी त्याच्याकडून आधी लाकडं फोडून घेईन, लेम्पी."

हसण्यावारी गेलं. पण पुढच्या शनिवारी संध्याकाळी लेम्पी केस पुसत स्वयंपाकघरात बसली होती, बाहेर निळसर उजेड अजून बर्फावर रेंगाळत होता, आणि तिला आवाज आला. स्स्स. लांब, सावकाश, तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा. सौन्यातून ती नुकती बाहेर आली होती. आत कुणी नव्हतं.

मग तिनं काय केलं असेल? उठली, आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसली. आईनं सांगितलं होतं, बघायचं नाही.

वर्ष गेलं. त्या आवाजाची तिला सवय झाली, इतकी की तो आल्याशिवाय तिचा शनिवार संपायचा नाही. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाला तिनं बादलीशेजारी वेलचीच्या पावाचे दोन काप ठेवायला सुरुवात केली, फडक्यात गुंडाळून. सकाळी पाव नसायचा. फडकं मात्र घडी घालून ठेवलेलं असायचं, कडा आत, धोबीखान्यात घालतात तशी. भुकेला राखणदार तिनं कधी ऐकला नव्हता, पण घरातच कुणी नीट जेवणारं उरलं नव्हतं, तेव्हा तिला ते बरंच वाटलं. तिसरा काप वाढला. पुढे लोणीही आलं.

आता मधल्या एका गोष्टीबद्दल सांगायलाच हवं. स्वयंपाकघरापासून सौन्यापर्यंतची वाट लेम्पी स्वतः फावड्यानं काढायची, आणि त्या वाटेवर तिच्या बुटांखेरीज कुणाचे ठसे नसायचे. सौन्याच्या मागच्या अंगाला मात्र कोरडी, म्हणजे बर्फ न धरणारी, वाट होती. वाट कसली, खाणीतलं पाणी बाहेर काढायला कुणा काळी खोदलेला बोगदा तिथून जमिनीखालून जातो. खाणीच्या पोटात बारा महिने सारखीच, बर्फाच्या मानानं ऊब. हिवाळ्यात ती ऊब श्वासासारखी वर येते, आणि छातीएवढ्या बर्फातून एक अरुंद पट्टा तपकिरी गवताचा, ओलसर, वाफाळता, विद्यापीठाच्या कुंपणापासून लेम्पीच्या सौन्याच्या पाठीपर्यंत आणि तिथून खाली ओढ्यापर्यंत जातो. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, खाणीत मेलेली शेवटच्या पाळीची माणसं त्या वाटेनं घरी येतात. खरं म्हणजे तिथली जमीन पापडाइतकी पातळ. सात नंबरातलं शेंबडं पोरही तिच्यावर पाय ठेवत नाही. सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून तिथं पाटी कधी कुणी लावली नाही. नीट ऐका: सगळ्यांना ठाऊक म्हणून.

फेब्रुवारीतला तो शनिवार. लेम्पीची आंघोळ झाली, बादली भरली, पाव ठेवला. घरात येऊन तिनं खुर्चीची पाठ खिडकीकडे केली. आवाज आला. पण आज तो संपेना. स्स्स्स करत चाललाच, आणि शेवटी जड काहीतरी बसल्यासारखा धप्प झाला. आणि तो सौन्यातून आला नव्हता. मागून, उतारावरून कुठूनतरी आला होता.

तिनं बघितलं नाही. हे मी तिला दोष द्यायला सांगत नाही. आयुष्यभर पाळलेला नियम माणूस एका आवाजासाठी मोडत नाही.

रविवारी सकाळी बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. पाव जसाच्या तसा, थंडीनं दगड झालेला.

"गेला," ती आर्वोला म्हणाली.

"कोण?"

"कोण काय विचारतोस. माझं काय चुकलं रे आर्वो? लोणी खवट होतं का?"

आर्वोनं तिच्या हातातला पाव घेतला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. विद्यापीठाच्या सुरक्षा कार्यालयातून वेन पास्को. त्याची आई धोबीखान्यात लेम्पीच्या शेजारच्या टेबलावर असायची, म्हणून तो लेम्पीला मावशी म्हणतो.

"मावशी, जरा बसून घ्या. रेनाटा बील्स्की सापडत नाहीये."

"कोण?"

"रेनाटा. आमच्या वसतिगृहातली, दुसऱ्या वर्षाची. खोलीतली दुसरी मुलगी शनिवार-रविवार घरी गेली होती, काल रात्री आली तर हिचा पत्ता नाही. आम्ही आज सकाळी तिला हरवली म्हणून ठरवलं."

"मग मला कशाला सांगतोस? मी काय पोरी सांभाळते?"

"तुम्हालाच सांगावं लागतं, मावशी. कायदा आहे. वसतिगृहातल्या प्रत्येक पोराला आम्ही दरवर्षी कळवतो, की बाबा रे, उद्या तू नाहीसा झालास तर कुणाला फोन करायचा, एक नाव गुपचूप देऊन ठेव. आईबापालाही ते नाव कळत नाही. बहुतेक पोरं देतच नाहीत. हिनं दिलंय. तुमचं."

हे कळवणं कसं असतं ते मी बघितलंय. विद्यापीठाला विद्यार्थ्याला गिऱ्हाईक समजून बरंच काही उघड करावं लागतं: किती पोरं पदवीपर्यंत पोचतात, किती मधेच गळतात, आवारात किती चोऱ्या झाल्या, किती पोरींवर हात टाकला गेला, वसतिगृहाला आग कधी लागली, फी परत कधी मिळते. सगळं एका लांबलचक ईमेलात, आणि हे नावाचं कलम त्याच्या शेपटाशी. विद्यापीठानं पाठवलं, कायदा पाळला, हात झटकले. पोरांनी न उघडता पुसलं. कुणाचं काय अडलं? कुणाचंच नाही, अडेपर्यंत.

"मावशी, ऐकताय ना? तुम्ही ओळखता ना तिला?"

ओळखत नाही, हे शब्द लेम्पीच्या ओठांवर आले होते. "काही सांग तिच्याबद्दल," ती म्हणाली.

"खोलीतली मुलगी सांगते, शांत आहे. दर शनिवारी संध्याकाळी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर पडते. परत येते तेव्हा केस ओले असतात, आणि अंगाला धुराचा वास. धूर आणि वेलची. त्यांना वाटायचं कुणी मित्र असेल."

खिडकीच्या फळीवर तो दगड झालेला पाव होता. लेम्पीनं तिथवर हात नेला आणि मागं घेतला.

"ओळखते," ती म्हणाली.

"कोण लागते तुमची?"

"माझ्या घरची आहे. आणि काय रे वेन, शनिवारपासून पोर गायब आहे आणि तुम्ही सोमवारी ठरवता? ठरवायला काय बैठक घेतली होती? चहा होता का?"

"मावशी, सज्ञान मुलगी आहे, शनिवार-रविवार म्हणजे पोरं कुठंही..."

"तोंड बंद कर आणि दोर घेऊन ये. शिडी आण. आग विझवणाऱ्यांना आण. माझ्या सौन्याच्या मागं."

फोन ठेवून ती बूट घालायला बसली, आणि हाकेसरशी धावत आलेला आर्वो तिच्या नाड्या बांधायला वाकला. वाकलेल्या आर्वोच्या टकलाकडे बघत ती म्हणाली, "तिचे ठसे का नव्हते ते कळलं का तुला? ती कोरड्या वाटेनं येत होती."

आर्वोनं मान वर केली. "त्या वाटेनं कोण येतं, लेम्पी?"

"ज्याला कुणी सांगितलं नाही, तो येतो. पाटी कुठाय तिथं?"

आयुष्यात पहिल्यांदा लेम्पी सौन्याला वळसा घालून मागच्या अंगाला गेली. धुकं नव्हतं, ऊन होतं, पांढरं आणि बिनकामाचं. कोरडी वाट उतारावर काळपट दिसत होती, तिच्यावरून नेहमीची पातळ वाफ. त्या गवतात मात्र पावलं उमटलेली होती. एकाच माणसाची, जाण्याची आणि येण्याची, इतक्या वेळा की गवत दबून पायवाट झाली होती. पुढे, हाकेच्या अंतरावर, वाफ पातळ नव्हती. तिथं ती खांबासारखी सरळ वर चढत होती, सौन्याच्या धुराड्यातून निघते तशी. आणि दोन्ही बाजूंचा बर्फ त्या जागेकडे घसरून, ओघळून आत गेला होता.

शनिवारचा तो आवाज त्या बर्फाचा होता.

वेन आला, त्याच्याबरोबर आग विझवणारी माणसं. भोकाजवळ जायची कुणाची छाती होईना. दोन पावलं टाकली की खालून पोकळ आवाज यायचा. शेवटी शिडी बर्फावर आडवी टाकली.

"सगळ्यात हलकं कोण?" वेननं विचारलं.

"माझ्याकडे काय बघतोस, आर्वोच्या पोटाकडे बघ," असं म्हणून लेम्पी शिडीवर पालथी पडलीही. आर्वोनं तिचे घोटे धरले. ती सरपटत काठाशी गेली आणि तिनं आत तोंड घातलं. गालांना ऊब लागली. ओल्या दगडाचा, गंजक्या लोखंडाचा वास. आणि त्याखाली, अगदी पुसट, बर्चच्या धुराचा.

"रेनाटा!"

काही नाही. थेंब पडत होते.

"रेनाटा! मी लेम्पी. वरची. पाववाली!"

मग खालून, झोपेत बोलावं तसा, अगदी शांत आवाज आला. "बाई, आता पाणी नका टाकू. पुरे. फार गरम होतंय."

थंडीनं मरायला टेकलेल्या माणसाला शेवटी गरम वाटायला लागतं, हे सरोवराकाठी सगळ्यांना माहीत असतं. "अंगातलं काढू नकोस गं बाळा! कोट काढू नकोस!"

"तेही म्हणाले, काढू नकोस."

"कोण म्हणाले?"

"वरच्या बाकावर बसलेत ना, ते. म्हणाले, तू खालच्याच बाकावर बस. वर येऊ नकोस."

आर्वोनं मागून विजेरी सरकवली. लेम्पीनं ती आत धरली. खाली खूप खोलवर नव्हे, एका खडकाच्या पायरीवर, गुडघे पोटाशी घेऊन मुलगी बसली होती, एक पाय चुकीच्या बाजूला वळलेला, कोटाची सगळी बटणं लावलेली. तिच्या डोक्यावर, हात वर केला तर पोचेल इतक्या अंतरावर, आणखी एक पायरी होती. चांगली रुंद. कुणीही चढायला बघितलं असतं. विजेरीचा उजेड पडला तेव्हा लेम्पीला तिच्या मुळाशी गेलेली भेग दिसली; नुसती मातीत टेकलेली शिळा, वजन पडलं असतं तर शिळा आणि पोर दोघी खाली.

त्या पायरीवर कुणी नव्हतं. ती तेवढी कोरडी होती.

"भाषा कोणती बोलतात गं ते?" लेम्पीनं विचारलं. तिला बोलतं ठेवायचं होतं, म्हणून. निदान तिनं नंतर आम्हाला तसं सांगितलं.

"मला कळत नाही ती. पण काय म्हणतात ते कळतं."

मागं आर्वोनं टोपी काढली.

तिला वर काढलं, इस्पितळात नेलं, पाय जोडला. पायाची दोन बोटं गेली, जीव राहिला. आई डोरोटा सगळा दिवस गाडी हाणत दक्षिणेकडून आली. विमानतळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई, तोच गणवेश अंगावर. खोलीत शिरली ती सरळ लेम्पीसमोर.

"तुम्ही कोण?"

"लेम्पी."

"ते कळलं. पण कोण? तुम्हाला आधी फोन गेला आणि मला नंतर. एकोणीस वर्षं मी वाढवलं. माझ्या पोरीनं तुमचं नाव का दिलं?"

"मला काय माहीत? मी तिला कालपर्यंत बघितलंही नव्हतं."

"मस्करी करताय माझी?"

"बाई, मस्करी करायला मला आर्वो आहे."

"मम्मा," पलंगावरून रेनाटा म्हणाली. "बस ना."

"बसत नाही! मी काय मेले होते? माझा नंबर तुला पाठ नाही?"

"पाठ आहे. म्हणून तर." मुलगी छताकडे बघत बोलत होती. "तुला फोन गेला असता तर तू आधी रडली असतीस. मग मीच चुकले असं ठरलं असतं. मग घरी चल, पुरे झालं शिक्षण. मला इथं पहिल्या वर्षी कुणी नव्हतं, मम्मा. कुंपणाच्या पलीकडे एक छोटं घर दिसायचं, वाफ यायची. एकदा थंडी फार झाली म्हणून गेले. दाराला कडी नव्हती. आत ऊब होती. पुढच्या हिवाळ्यात पावही असायचा. कुणी येऊन विचारलं नाही, तू कोण, इथं का आलीस. ईमेल आला तेव्हा दुसरं कुणाचं नाव देणार होते मी? टपालपेटीवर होतं, ते वाचलं आणि दिलं."

डोरोटा बसली. पर्स मांडीवर धरून, बसमध्ये बसतात तशी. तिला लागलं होतं, आणि लागण्यासारखंच होतं. लेम्पीला ते दिसलं. तिनं पिशवीतून फडकं काढलं, पावाचे काप केले आणि पहिला डोरोटाच्या हातात दिला. डोरोटानं तो बराच वेळ नुसता धरून ठेवला, मग खाल्ला.

"वेलची जास्त आहे," ती म्हणाली.

"कमीच आहे," लेम्पी म्हणाली.

निघताना लेम्पीनं एक गोष्ट विचारली. सहज, कोट घालता घालता. "ओगराळं पालथं घालायला तुला कुणी शिकवलं गं?"

"कुठलं ओगराळं?"

"सौन्यातलं. पाणी टाकल्यावर पालथं घालून ठेवायचीस ते."

रेनाटा गोंधळली. "मी पाणी कधीच टाकलं नाही. तुमची ती बादली होती, मला वाटलं हात लावू नये. मी नुसती बसायचे. पाव खायचे, फडक्याची घडी करायचे." ती थांबली. "पाणी तर आधीच कुणीतरी टाकलेलं असायचं. मी यायचे तेव्हा दगडांतून अजून वाफ निघत असायची. मला वाटायचं, तुम्हीच."

लेम्पीनं कोटाचं शेवटचं बटण लावलं. "असेन," ती म्हणाली आणि बाहेर आली. आर्वो गाडी चालू ठेवून वाट बघत होता.

विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या सुरक्षा अहवालात यातलं काही नाही. चोरी नाही, आग नाही, मारहाण नाही, आणि जागा कुंपणाच्या बाहेरची. अहवालाचा नकाशा कुंपणापाशी संपतो. खोटं एक अक्षर नाही त्यात. असल्या खरेपणाची मला चीड येते. पाटी लावा म्हणून लेम्पी विद्यापीठाकडे गेली, ते म्हणाले जमीन जिल्ह्याची. जिल्ह्याकडे गेली, ते म्हणाले खाण कंपनीची. कंपनी मरून पन्नास वर्षं झाली. मग लेम्पीनं आणि आर्वोनं स्वतः खांब रोवले, रुळांचेच, आणि तार ओढली कुंपणापासून ओढ्यापर्यंत. वेननं विचारलं, "परवानगी घेतली का मावशी?" ती म्हणाली, "तू आत पडलास की परवानगी आणून देते."

ऑगस्टअखेर नवी पोरं वसतिगृहात राहायला येतात, गाद्या-पंखे-पेट्या घेऊन, सोबत आईबाप. लेम्पी आता दरवर्षी त्या दिवशी फाटकापाशी खुर्ची टाकून बसते. जाणाऱ्या प्रत्येक पोराला हाक मारते. "ए, नाव दिलंस का? हरवलास तर कुणाला कळवायचं, ते?" पोरांना वाटतं म्हातारी चळली आहे. एखादं थांबतं, हसतं, म्हणतं, "देतो ना आजी. कुणाचं देऊ? तुमचं देऊ?"

"मला सांगू नकोस," ती डाफरते. "कुणालाच सांगू नकोस. नुसतं दे."

मागून आई पुढे होते, हमखास. "म्हणजे काय? माझंच देईल ना?" लेम्पी त्या आईकडे बघते आणि तिला डोरोटा आठवते, मांडीवर पर्स धरून बसलेली. मग ती आवाज खाली आणते, जे तिला फार जड जातं, आणि म्हणते, "देईलही. पण देऊ दे त्याला."

शनिवारी सौना अजून पेटतो. रेनाटा आता पुढच्या दारानं, काढलेल्या वाटेनं येते, लंगडत. दोघींचं झालं की लेम्पी बादली भरते, ओगराळं बाजूला ठेवते, दार लोटते, आणि दोघी मागं न बघता घरात येतात.

आता तुम्ही. तुमच्याही घरातलं कुणी लांबच्या वसतिगृहात राहत असेल. आज त्याला फोन करा आणि एवढंच विचारा, नाव दिलंयस का. हो म्हणालं तर बरं म्हणा आणि दुसरं काही बोला. कुणाचं दिलंय, ते मात्र विचारू नका.